पद्मिनीचा चोविसावा हिस्सा

सोलापूर म्हटलं की चादर आठवते, टॉवेल आठवतो. मोटार आठवत नाही. पण भारतात मोटारी बांधायचा ध्यास घेतलेले वालचंद हिराचंद याच गावचे. १८८२ साली सोलापुरात जन्म, बार्शी लाइट रेल्वेच्या ठेक्यातून उद्योगात पाऊल, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना. याच कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट ११०० तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळालं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. आता ही गाडी जपायची कशी? प्लास्टिकचं प्रमाणबद्ध मॉडेल हा त्याचा एक भरवशाचा मार्ग आहे, असं माझं ठाम मत आहे. कारण मॉडेल करणाऱ्याला गाडी नुसती आवडून भागत नाही, ती कळावी लागते.

मॉडेल म्हणजे मूळ वस्तू लहान करणं, ही समजूत अपुरी आहे. पद्मिनीची लांबी सुमारे ३९३० मिलिमीटर. १:२४ या प्रचलित प्रमाणात ती १६४ मिलिमीटर होते, जेमतेम टीचभर. इथवर नुसता भागाकार आहे. खरी अडचण जाडीची. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर बसला, तर मोठ्या गाडीच्या हिशेबात तो जवळपास अडीच मिलिमीटरचा लेप होतो आणि दरवाजांच्या फटी बुजतात. म्हणून प्रायमर मारण्याआधीच त्या फटी कोरून खोल करायच्या आणि रंग पातळ थरांत चढवायचा. सोलापुरात कापडाला तोटा नाही, तेव्हा सीटवर खरं कापड लावायचा मोह होणारच. पण पाव मिलिमीटरचा धागा चोवीस पटींनी सहा मिलिमीटरचा दोर होतो, आणि सीट काथ्याने विणल्यासारखी दिसते. गुळगुळीत प्लास्टिकवर चमक नसलेला रंग दिला, तर तीच सीट कापडाची वाटते. काय जसंच्या तसं घ्यायचं आणि काय फक्त भासवायचं, हा निर्णय म्हणजेच ही कला.

हवामानही या निर्णयात भाग घेतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या कोरड्या उष्म्यात एअरब्रशमधून उडालेला रंग पृष्ठभागावर पोचेपर्यंतच सुकू लागतो आणि टप खरखरीत होतो. तिथे सावकाश सुकणारं थिनर आणि पहाटेची वेळ हवी. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत उलट लॅकरवर पांढुरकी झाक येते. किटसोबतच्या माहितीपत्रकात आपल्या गावची हवा छापलेली नसते.

यावर पहिला आक्षेप असा की हे अखेर खेळणंच. पण खेळण्यात चूक खपते, इथे खपत नाही. जिला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत, त्या जुन्या ११०० चे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेले. पद्मिनीचे तसे नाहीत. टॅक्सी करायची तर पिवळा टप, काळं अंग, वरचं कॅरिअर आणि बाहेर बसवलेला मीटर, सगळं आपापल्या जागी यायला हवं. चुकीची बिजागरी बसली की ते मॉडेल वेगळ्याच गाडीचं होतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: छायाचित्रं आहेत, थ्रीडी प्रिंटर आहे, मग एवढी मेहनत कशाला? छायाचित्र एका वेळी एकच बाजू दाखवतं. प्रिंटरला आराखडा लागतो, तो करायला कुणालातरी गाडी मोजावीच लागते, आणि छापून आलेल्या भागावरच्या थरांच्या रेषा पॉलिश पेपरने घासाव्याच लागतात. यंत्राने हाताचं काम हलकं केलं, डोळ्यांचं नाही.

बाजारातली किट बहुतांशी अमेरिकी, जपानी, युरोपीय गाड्यांची असतात. आपली गाडी हवी तर पॉलिस्टायरीनच्या शीट कापून, प्लास्टिक विरघळवून सांधणाऱ्या द्रावणाने एकेक भाग एकजीव करत ती उभी करावी लागेल. हे अवघड आहे, पण अशक्य नाही. आणि वालचंदांच्या गावात ते व्हावं, यात औचित्य आहे. मात्र सुरुवात प्लास्टिकपासून करू नये. एखाद्या वाड्याच्या आवारात, गॅरेजच्या मागे पद्मिनी अजून उभी असेल, तर आधी मालकाची परवानगी घेऊन टेप आणि वही तिथे न्यावी. ती भंगारात गेली की मापंही तिच्याबरोबर जातील.