शवपेटीवरचा झेंडा
लेखमाला : गणवेशातल्या स्त्रिया – भाग ६

गेल्या भागात आपण आझाद हिंद सेनेतल्या राणी झाशी रेजिमेंटची गोष्ट पाहिली. त्या मुलींच्या हाती बंदुका होत्या. आज ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांनी शत्रूवर एकही गोळी झाडली नाही, तरी त्यांतल्या ३८ जणी सैन्याच्या कामावर असताना गेल्या.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला पुरुष वैमानिक कमी पडू लागले आणि 'विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स', म्हणजेच 'वास्प', हे दल उभं राहिलं. २५ हजारांहून अधिक मुलींनी अर्ज केले. निवड झाली १,८३० जणींची, आणि १,०७४ जणी, बहुतेक टेक्सासमधल्या स्वीटवॉटरजवळच्या अ‍ॅव्हेंजर फील्डवरून, वैमानिक होऊन बाहेर पडल्या. कारखान्यातलं नवंकोरं विमान तळावर पोचवायचं, दुरुस्त झालेलं विमान उडवून ते धड आहे का ते पाहायचं, ही त्यांची कामं. शिवाय विमानामागे कापडाचं लांबलचक लक्ष्य बांधून उडायचं, आणि खालून शिकाऊ तोफची त्यावर खऱ्या दारूगोळ्याने नेम धरणार! नेम चुकला की गोळ्या विमानाला लागत.

हे सगळं त्यांनी केलं ते नागरी कर्मचारी म्हणून. हुकूम लष्कराचा, विमान लष्कराचं, पण नोकरी मात्र लष्करी नाही. त्यामुळे एखादी अपघातात गेली तर शव घरी पाठवण्याचा खर्च सरकार देत नसे. बरोबरच्या मुली वर्गणी काढत. शवपेटीवर राष्ट्रध्वज घालण्याचा हक्कही घरच्यांना नव्हता.

हेझल यिंग ली ही पोर्टलंडची चिनी वंशाची मुलगी. नोव्हेंबर १९४४मध्ये माँटानातल्या ग्रेट फॉल्सला ती सोव्हिएत रशियाला द्यायचं लढाऊ विमान घेऊन उतरत होती. त्याच वेळी, त्याच धावपट्टीवर दुसरं विमान उतरलं. भाजलेली हेझल दोन दिवसांनी गेली. पाठोपाठ तार आली, रणगाडा दलातला तिचा भाऊ फ्रान्समध्ये मारला गेल्याची. दोघांना शेजारी पुरायचं तर दफनभूमीने आशियाई लोकांना ती जागा मिळणार नाही असं सांगितलं. कुटुंब भांडलं आणि जिंकलं. शोकाच्या दिवसांत घरच्यांना हेही करावं लागलं, याचा मला आजही संताप येतो.

वास्पला लष्करी दर्जा देणारं विधेयक १९४४च्या जूनमध्येच अमेरिकी संसदेत पडलं होतं. नोकऱ्या जाऊ लागलेल्या नागरी वैमानिक प्रशिक्षकांना पायदळात भरती व्हावं लागण्याची धास्ती होती, आणि त्यांनी या मुलींविरुद्ध रान उठवलं. २० डिसेंबरला दल बरखास्त झालं. कागदपत्रं गोपनीय म्हणून बंद झाली. मग १९७६मध्ये हवाई दलाने मोठ्या अभिमानाने जाहीर केलं, की आता प्रथमच स्त्रिया लष्करी विमानं उडवणार! तोवर पन्नाशी-साठीला आलेल्या वास्प पेटून उठल्या. हेलन पोर्टर या वास्पचं सेवामुक्तीचं प्रमाणपत्र त्यांनी पुढे केलं. त्याची भाषा सैनिकाच्या प्रमाणपत्रासारखीच होती. १९७७मध्ये त्यांना माजी सैनिकांचा दर्जा देणारा कायदा झाला. २०१०मध्ये संसदेचं सुवर्णपदकही मिळालं.

पदक द्यायला समारंभ पुरतो. हक्क द्यायचा तर नियम बदलावे लागतात, आणि तिथेच पुन्हा गाडं अडलं. इलेन हार्मन या वास्प एप्रिल २०१५मध्ये ९५व्या वर्षी गेल्या. आपल्या अस्थी अर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत ठेवाव्यात, असं त्या लिहून गेल्या होत्या. पण अर्लिंग्टन भूदलाच्या ताब्यात, आणि भूदलाचं म्हणणं, १९७७चा कायदा आमच्या जागेला लागू नाही. अस्थिकलश घरी कपाटात राहिला. नातींनी दीड लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या, खासदारांचे उंबरे झिजवले. स्वतः लढाऊ वैमानिक राहिलेल्या मार्था मॅकसॅली यांनी संसदेत विधेयक मांडलं. मे २०१६मध्ये कायदा झाला आणि ७ सप्टेंबरला हार्मन यांच्या अस्थी लष्करी इतमामात अर्लिंग्टनला ठेवल्या गेल्या.

हा कायदाही फक्त अस्थिकलशापुरता आहे; जमिनीत दफन होण्याचा हक्क त्यात नाही. जागा कमी आहे हे कारण खरं असेलही, पण हक्क असा अर्धा देणं मला पटत नाही.

पुढच्या भागात : सोव्हिएत रशियाच्या रात्री बॉम्बफेक करणाऱ्या मुली.