परक्या घरी हक्काची जागा

आपल्या घरांतून एक प्रश्न मोठ्याने विचारला जात नाही. मूल मतिमंद असले, त्याचे वय चाळिशीकडे झुकले आणि आईवडील सत्तरीपुढे गेले, म्हणजे रात्री दिवा मालवल्यावर तो हळूच निघतो: आपल्यामागे याचे कसे होणार? बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातच मला अशी तीन घरे ठाऊक आहेत. तिन्ही घरांतली बाकीची मुले पुण्याला, बंगलोरला नाही तर समुद्रापार स्थायिक झालेली. घरी उरली आहेत म्हातारी माणसे आणि त्यांचे ते न वाढलेले लेकरू.

(मतिमंद हा जुना शब्द मी सवयीने वापरतो आहे. 2016 च्या कायद्याने ‘बौद्धिक दिव्यांगता’ हा शब्द आणला, आणि तो अधिक सभ्य आहे हे मान्य केले पाहिजे.)

या प्रश्नाची दोनच उत्तरे आपल्याला माहीत असतात. एक नातलगांचे, दुसरे संस्थेचे. तिसरेही एक उत्तर आहे आणि ते फार जुने आहे, म्हणून आज थोडे दूरचे सांगावयाचे आहे.

बेल्जममध्ये अँटवर्प प्रांतात गेल नावाचे गाव आहे. तेथे दिम्फ्ना या संत कुमारिकेचे देऊळ आहे. ती आयर्लंडची राजकन्या; पत्नीवियोगाने भ्रमिष्ट झालेल्या बापापासून पळून ती गेलला आली आणि बापाच्याच हातून मारली गेली, अशी आख्यायिका. पुढे तिच्या समाधीशी वेड्यांना बरे वाटते असा लौकिक झाला आणि यात्रेकरूंची रीघ लागली. नऊ दिवसांचे अनुष्ठान असे. देवळाला लागून रोग्यांसाठी जागा होती, ती पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी आलेल्यांना आपल्या घरी उतरवून घेतले. काही बरे झाले नाहीत आणि परतलेही नाहीत. ते त्याच घरांत राहिले. ही चाल शतकानुशतके टिकली. 1850 साली बेल्जमच्या सरकारने तिची देखरेख आपल्याकडे घेतली. 1938 साली गेलच्या घरांतून असे 3,736 पाहुणे राहत होते. चित्रकार व्हॅन गॉगच्या वडिलांनीही 1880 मध्ये मुलाला तेथे ठेवण्याचा विचार केला होता. या पाहुण्यांत मनोरुग्ण होते तसेच जन्मतः मंदबुद्धी असलेलेही होते. अलीकडच्या काळात तर या दुसऱ्यांचा वाटा बराच मोठा होता.

त्यांना तेथील भाषेत म्हणतात ‘कोस्टगांगर’, म्हणजे पैसे देऊन घरी जेवणारा-राहणारा. रोगी नव्हे, वेडा नव्हे. आपल्या आजोबांच्या पिढीत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्या मुलांना जसे ‘वाराचा मुलगा’ एवढेच म्हणत, तसाच हा बिनदुखावणारा शब्द. यजमानीण वारली की कित्येकदा पाहुणा तिच्या मुलीच्या संसारात जाई. आईकडून मुलीला आलेला वारसाच म्हणा!

येथे आपली माणसे म्हणतील, यात नवल ते काय? आपल्या वाड्यांतून हेच होत होते. वाटते खरे तसे. माझे धाकटे मामा असेच होते. सकाळी सगळ्यांची दुधाची भांडी घेऊन जाणे, देवाची फुले आणणे, संध्याकाळी मुलांना सूरसागरपर्यंत हिंडवून आणणे, ही त्यांची कामे. त्यांच्यावर कोणी हात उगारला नाही, ते कधी उपाशी राहिले नाहीत. पण त्यांना स्वतःची खोली नव्हती, पेटी नव्हती, आणि तुम्हांला काय हवे असे त्यांना विचारलेले मी ऐकले नाही. पुढे वाड्याच्या वाटण्या झाल्या. भांडीकुंडी वाटली गेली तसेच मामाही वाटले गेले: प्रत्येक भावाकडे चार महिने. पाळी संपली की त्यांची वळकटी कोणीतरी जिन्यापाशी आणून ठेवी. मामा ती उचलून निघत. ही दुष्ट माणसे नव्हती. फक्त मामांचे काय चालले आहे हे बाहेरून येऊन पाहणारे कोणी नव्हते, आणि त्यांच्यासाठी कोणाला काही मिळत नव्हते.

गेलचा मुख्य धडा मला येथेच दिसतो. तेथे यजमानाला मोबदला मिळतो. तो तुटपुंजा आहे. कोणी त्यावर श्रीमंत होत नाही. पण तो आहे, म्हणून पाहुणा आश्रित ठरत नाही. शिवाय रुग्णालयाची परिचारिका घरी येऊन जाते, आणि घर जमले नाही तर दुसरे शोधले जाते. गेलचे सारेच गोड होते असे मात्र नव्हे. एके काळी काहींना साखळदंड घालीत, आणि शेतावर फुकटचा गडी म्हणूनही काहींचा उपयोग करून घेतला गेला. देखरेख वाढली ती याच अनुभवाने.

ब्रिटनने हीच कल्पना नव्या काळात बसवली. तेथे मतिमंदांना मोठमोठ्या रुग्णालयांत कोंडून ठेवीत. 1969 साली कार्डिफच्या ईली रुग्णालयाच्या चौकशीचा अहवाल बाहेर आला, आतले हाल जगाला कळले, आणि ही रुग्णालये रिकामी करण्याची चळवळ जोर धरू लागली. मग ती माणसे राहणार कोठे? काही गटघरांत गेली, काही सामान्य कुटुंबांत. या दुसऱ्या व्यवस्थेला आज ‘शेअर्ड लाइव्ह्ज’ म्हणतात. तिची रीत आपल्याकडल्या वधूवर-संशोधनाची आठवण करून देते. आधी कुटुंबाची चौकशी होते. मग पाहुणा आणि यजमान चहाला भेटतात. मग जेवण, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार. दोघांचे जमले तरच मुक्काम. एका घरी साधारणपणे तिघांहून अधिक पाहुणे ठेवीत नाहीत, नाहीतर घराची खानावळ व्हायची. जेवणराहण्याचा खर्च पाहुण्याच्या भत्त्यातून येतो, देखभालीचा मोबदला बहुधा नगरपालिका देते, आणि यजमानालाही मधूनमधून सुटी मिळते. ही सुटी मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे चाळीस वर्षे एकही दिवस सुटी न घेतलेल्या आया आहेत आणि आपण त्यांचे कौतुक करून मोकळे होतो.

आपल्या देशात काय आहे? 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक समिती असते आणि जिल्हाधिकारी तिच्यावर असतात. अठरा वर्षांवरील मतिमंद व्यक्तीला ती कायदेशीर पालक नेमून देते. पुष्कळ आईबापांना वाटते, मूल आपलेच, त्याला कागद कशाला? पण मूल सज्ञान झाले की आईबापही कायद्याने आपोआप पालक उरत नाहीत, हे ध्यानात घ्यावे. त्याच न्यासाची एक लाख रुपयांपर्यंतची ‘निरामय’ विमा योजना आहे, आणि कायमच्या निवासासाठी ‘घरौंदा’ आहे. पण घरौंदा म्हणजे समूहनिवास. परक्या कुटुंबात, ठरवून, मोबदला देऊन राहण्याची वाट त्यात आखलेली नाही.

हे सारे मी शेजारच्या वहिनींना सांगितले. त्यांची मुलगी बेचाळीस वर्षांची. पोळ्या सुरेख लाटते, सुट्टे पैसे मात्र मोजता येत नाहीत. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पैसे घेऊन माझ्या मुलीला ठेवणार, त्यांना माया कुठून यायची?”

मी म्हटले, “आमच्या मामांना माया पुष्कळ होती, वहिनी.”

त्या बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी दाराशी उभे राहून त्यांनी विचारले, “आणि तिला ते घर आवडले नाही तर?”

“नाही म्हणायचे. दुसरे पाहतात.”

“तिने म्हणायचे?”

“तिनेच.”

गेलमध्येही आता ही चाल ओसरते आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. बायका नोकरीला जातात, घरे लहान झाली. 2016 च्या सुमारास अडीचशेच्या आसपास पाहुणे उरले होते, त्यानंतर आणखी कमी झाले. 2023 साली युनेस्कोने या प्रथेची जतन करण्याजोगा वारसा म्हणून नोंद घेतली. नोंद झाल्याने खोल्या उघडतात असे नाही. उलट आपल्याकडे खोल्या आहेत. आमच्या गल्लीतच वरचे मजले कुलूपबंद पडले आहेत आणि खाली एकटी, निवृत्त, अजून धडधाकट माणसे बसली आहेत.

अशाच एका शिक्षक दांपत्याशी मी बोललो आहे. जिल्हाधिकारी कचेरीतून पालकत्वाचे अर्ज आणून वहिनींना दिले आहेत. मोबदला किती, देखरेख कोणी करावयाची, हे अजून ठरलेले नाही, आणि ते ठरल्याखेरीज कोणीही मुक्कामाची गोष्ट काढू नये असे मीच बजावले आहे. पुढच्या रविवारी वहिनी मुलीला घेऊन त्यांच्याकडे चहाला जाणार आहेत. सोबत काय न्यायचे ते मुलीनेच ठरवले आहे: स्वतः लाटलेल्या पुरणपोळ्या.