सहा फोटोंची एक चौकट आणि वसईची दमट हवा

वसई-विरार परिसरात एखादे जुने कौलारू घर उतरवले जाते तेव्हा निघणारे सागवान फोटोंच्या चौकटीसाठी नव्या लाकडापेक्षा सरस ठरते, कारण अनेक पावसाळे पचवलेले हे लाकूड सहसा पिळत नाही. मात्र रंधा मारण्यापूर्वी त्यातील खिळे शोधून उपटले नाहीत, तर पात्याची धार गेलीच म्हणून समजावे.

४ × ६ इंचांचे सहा उभे फोटो दोन ओळींत बसवताना, फोटोंमध्ये एक इंच व कडेने दोन इंच जागा सोडल्यास माउंट, म्हणजे खिडक्या कापलेला जाड पुठ्ठा, १८ × १७ इंचांचा होतो. प्रत्येक खिडकी फोटोपेक्षा पाव इंच लहान कापावी. दीड इंच रुंद पट्टीच्या मागील आतल्या कडेला काच, माउंट व पाठीचा प्लाय बसण्यासाठी पाव इंची खाच पाडली, तर बाहेरचा घेर सुमारे ८० इंच भरतो, म्हणून करवतीची घट धरून सात फूट पट्टी घ्यावी.

खरी परीक्षा ४५ अंशांत तिरप्या कापलेल्या कोपऱ्यांची असते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत फुगते व आकसते. त्यामुळे जुलैच्या दमटपणात जोडलेली चौकट मार्चमध्ये सुकली, की कोपऱ्यांची आतली बाजू उघडी पडते. माउंटचे काम केवळ शोभेचे नाही: त्याच्या जाडीमुळे फोटो काचेपासून सुटा राहतो आणि पावसाळी ओलीने तिला चिकटत नाही.