अर्ध्या मिलिग्रॅमचा हिशोब

शाळांत किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी देण्याची सरकारी योजना आहे. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि जेमतेम अर्धा मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. एवढंसं औषध लाखो गोळ्यांत सारखं उतरवायचं, ही सोपी गोष्ट नाही.

कारण पूड जास्त ढवळली म्हणजे ती जास्त एकजीव होते, असं नाही. चिवड्याचा डबा हलवला की मीठ-तिखट तळाला जातं, तसे बारीक कण मोठ्यांच्या फटींतून खाली झिरपतात. आयआयटी मुंबईचे प्रा. देवांग खक्कर यांनी फिरत्या पिंपांचा बारकाईने अभ्यास केला आहे. अशा पिंपात फक्त वरचा पातळ थर वाहतो, बाकीची पूड पिंपाबरोबर नुसती फिरते. त्या वाहत्या थरातच कण मिसळतात आणि तिथेच वेगळेही होतात. बारीक कणांचा मधोमध गाभा तयार होतो.

आपल्याकडे बहुतेक गोळ्या बॅचने बनतात: ब्लेंडर फिरवा, थांबवा, नमुना तपासा. अखंड उत्पादनात हे थांबणंच नसतं. एका टोकाला पूड पडत राहते, दुसऱ्या टोकाला गोळ्या. एचआयव्हीवरची 'प्रेझिस्टा' ही गोळी बॅचऐवजी अशी बनवायला अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये परवानगी दिली. बॅच सोडून या पद्धतीकडे वळण्याची ती पहिलीच मंजुरी.

इथे खरी मेख मिक्सरमध्ये पूड मापाने सोडणाऱ्या फीडरमध्ये आहे. पूड भरलेल्या हॉपरचं वजन किती घटलं ते पाहून तो आपल्या स्क्रूचा वेग ठरवतो. पण हॉपर पुन्हा भरताना वजन वाढत असतं, हिशोब लागत नाही. शिवाय वरच्या भाराने खालची पूड दबते आणि प्रत्येक फेऱ्याला जास्त माल पुढे सरकतो. मिक्सरमध्ये पूड मिनिटभर रेंगाळत असेल, तर काही सेकंदांचा असा चढउतार तिथे विरून जातो. पाच मिनिटं टिकलेला मात्र थेट गोळीत उतरतो.

म्हणून आधी मिक्सरची चाचणी घेतात. चिमूटभर खुणेची पूड आत टाकायची आणि ती पलीकडे केव्हा, किती बाहेर पडते ते मोजून आलेख काढायचा. या आलेखाचं गणित पीटर डँकवर्ट्स यांनी १९५३ मध्ये मांडलं. फीडर चुकला, तर नेमक्या कोणत्या वेळेतल्या गोळ्या बाजूला काढायच्या, हे त्यावरूनच कळतं.

मिसळणं समजून घेण्याची दुसरी वाट कणाकणाची. कंडॉल आणि स्ट्रॅक यांच्या १९७९ च्या पद्धतीत संगणक प्रत्येक कणाची प्रत्येक टक्कर मोजतो. पण एक दशांश मिलिमीटरचे कण धरले, तर किलोभर पुडीत ते शंभर कोटींहून जास्त भरतात. म्हणून कण फुगवून, संख्या घटवून गणित करावं लागतं, आणि ते खरं उतरतं की नाही हे पुन्हा त्या चिमूटभर पुडीनेच पडताळायचं. नांदेडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग जरूर करावा. काचेची नळी, स्क्रू, रंगीत पूड आणि वजनकाटा एवढ्यावर तो सुरू होतो.