चोचीची जाडी आणि १९७७ चा दुष्काळ

ठिकाण : डॅफ्नी मेजर, गालापागोस द्वीपसमूह (इक्वेडोर). क्षेत्रफळ अर्धा चौरस किलोमीटरही नाही. पीटर व रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून इथल्या फिंच पक्ष्यांच्या पायात कडी घालून चोची मोजल्या.

दुष्काळ : १९७७ मध्ये पाऊस जवळजवळ पडलाच नाही. बारीक बिया संपल्या. उरली सराट्याची टणक, काटेरी फळे. (आपल्याकडे चपलेत रुततो, त्या सराट्याचाच भाऊबंद.) जाड चोचीचा पक्षी फळाचा कोपरा फोडून बी काढतो, बारीक चोचीच्याला ते जमत नाही. मध्यम भू-फिंचांपैकी सुमारे ८५ टक्के नाहीसे झाले. तगलेल्यांची पिल्ले सरासरी सुमारे ४ टक्के अधिक जाड चोचीची निघाली.

उलटा फेरा : १९८२-८३ च्या एल निनोत धो धो पाऊस, बारीक बियांचा सुकाळ. पुढे लहान चोचीचे पक्षी अधिक तगले.

फरक : कोणत्याही एका पक्ष्याची चोच दुष्काळामुळे वाढली नाही; जाड चोचीच्यांचे प्रमाण वाढले. कोण तगते आणि वीण वाढवते, ही नैसर्गिक निवड. पिढ्यांगणिक होणारा आनुवंशिक बदल, ती उत्क्रांती. गुण आनुवंशिक नसेल तर निवड होऊनही उत्क्रांती होत नाही.

जनुक : चोचीच्या आकारमानाशी निगडित ‘एचएमजीए-२’, संशोधन प्रसिद्ध २०१६.