अनुराधापूरला निघताय? आधी पाय तपासा

श्रीलंकेच्या सहलीसाठी आपल्याकडे बाया भिशीतून दोन-दोन वर्षे पैसे साठवतात. पासपोर्ट, व्हिसा, पांढऱ्या साड्या, सगळी तयारी होते. पायांची तयारी मात्र कोणी करत नाही.

अनुराधापूरला बोधिवृक्षाच्या आणि रुवनवेली स्तूपाच्या आवारात चप्पल बाहेर काढूनच जावे लागते. आवार मोठे, फरशी दगडी, आणि हा भाग श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातला. दुपारी दगड तव्यासारखा तापतो. धडधाकट माणूस पळत जाऊन सावली गाठतो. पण पंधरा वर्षांची शुगर असलेल्या आजीचे पाय बधिर झालेले असू शकतात. चटका बसतो, तिला कळतच नाही. रात्री तळव्याला फोड दिसतो, तोही कोणी पाहिला तर. असा फोड चिघळून बोट कापायची वेळ आलेली मी वॉर्डात पाहिली आहे.

म्हणून शुगरवाल्यांनी दर्शन सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घ्यावे. जाड सुती मोजे घाला. मोजे घातलेले लोक तिथे दिसतात, तरी दारावर विचारून घ्या. रोज रात्री तळवे सुनेला किंवा नातवाला दाखवा. चटका बसलाच तर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद लावू नका, फोड फोडू नका. मिहिंतलेला सुमारे १८४० पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर वरच्या रस्त्याने अर्ध्यापर्यंत गाडी जाते, ती घ्या. पुण्य कमी होत नाही!

कोलंबोहून अनुराधापूर २०० किलोमीटरच्या आसपास. लघवीची पंचाईत नको म्हणून बायका बसमध्ये पाणीच पीत नाहीत. मग उन्हात चक्कर येते, लघवीला जळजळ होते. दर दोन तासांनी गाडी थांबवायची, हे टूरवाल्याला निघण्याआधीच सांगा. लाजायचे कशाला, पैसे भरलेत. पाणी बाटलीतले किंवा उकळलेले प्या. रस्त्यावर थंबिली म्हणजे केशरी शहाळे मिळते. शुगर असेल तर अर्धेच घ्या. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

श्रीलंका मलेरियामुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये जाहीर केले. डेंग्यू मात्र तिथे आहे, आणि त्याचा डास दिवसा चावतो. पूर्ण बाह्या घाला, मलम लावा. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल घ्या. ब्रुफेन, ॲस्पिरिन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. घरी परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर ‘श्रीलंकेहून आलोय’ हे डॉक्टरांना आधी सांगा.

इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. विमानाच्या सामानात टाकलेले इन्सुलिन गोठून वाया जाऊ शकते. मोफत रुग्णवाहिकेचा तिथला नंबर १९९०. तो मोबाईलमध्ये नको, कागदावर लिहून प्रत्येकाच्या पिशवीत ठेवा.