हात बसला, पण आठवण नाही

मराठीत डोकं दुसरा कुणीतरी खातो, मन मात्र आपलं आपल्यालाच खातं. गणित सुटेना की डोकं चालत नाही, नव्या गावात करमेना की मन लागत नाही. पाहुण्याचं मन राखतात. मेंदू राखल्याचं ऐकिवात नाही. मेंदू हा शब्द आपल्या कानावर पडतो तो बहुधा डॉक्टरांच्या तोंडून, आणि त्याचा घरगुती अवतार भेजा खाटकाच्या दुकानात भेटतो. ही अशी वाटणी घेऊन मुलं अकरावीला किंवा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्राच्या वर्गात येऊन बसतात. तिथे सुरुवातीलाच विचारलं जातं, मेंदू म्हणजेच मन का?

वर्गात याचं एक तयार उत्तर फिरत असतं: मेंदू हार्डवेअर, मन सॉफ्टवेअर. पेपरात लिहायला सुटसुटीत आहे. मला ते कधी पटलं नाही, आणि न पटण्याचं मुख्य कारण आहे हेन्री मोलेसन.

हेन्रीचा जन्म १९२६ चा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला. लहानपणापासून त्याला फिट यायच्या. विशी ओलांडेपर्यंत त्या इतक्या वाढल्या की औषधांचे मोठाले डोस देऊनही उतार पडेना आणि कामावर जाणंही जमेना. १९५३ साली हार्टफर्डमधले शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. दोन्ही कानशिलांच्या आतल्या अंगाचा भाग काढून टाकला, त्यात हिप्पोकॅम्पस बराचसा गेला. (ग्रीक भाषेत याचा अर्थ समुद्रघोडा. हा अवयव तसाच वळलेला दिसतो.) तो नेमकं काय काम करतो, हे त्या वेळी कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

फिट खूपच कमी झाल्या. पण रोज भेटणारे दवाखान्यातले लोक हेन्रीला ओळखू येईनात, संडासाची वाट दर वेळी नव्याने विचारावी लागे. १९५५ च्या एप्रिलमध्ये त्याला तारीख विचारली तर म्हणाला, १९५३ चा मार्च. वय? सत्तावीस. बुद्धी मात्र शाबूत होती. बुद्ध्यंक शस्त्रक्रियेआधी १०४ होता तो नंतर ११२ भरला. बालपण आठवत होतं, बोलणं नीट, वागणं सौम्य, शब्दकोड्यांची आवड कायम. स्कोव्हिल यांनी नंतर ही शस्त्रक्रिया पुन्हा कुणावर करू नका, असं इतर डॉक्टरांना बजावून सांगितलं.

माँट्रियलहून ब्रेंडा मिलनर त्याच्या चाचण्या घ्यायला यायच्या. एकदा त्यांनी त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितलं आणि तसंच बसवून ठेवलं. पंधरा मिनिटांनी आकडा बरोबर निघाला. कसा ठेवलास म्हणून विचारल्यावर हेन्रीने हिशेब मांडला: तिन्ही अंकांची बेरीज सतरा, आठ लक्षात ठेवायचा, सतरातून आठ गेले नऊ, नवाचे दोन वाटे पाच आणि चार. झालं, ५८४. घोकत होता तोवर आकडा त्याचा होता. लक्ष दुसरीकडे गेलं आणि मिनिटभरात आकडाही गेला, हिशेबही गेला, आपल्याला असं काही सांगितलं होतं हेसुद्धा गेलं.

यानंतरची चाचणी घरी करून पाहण्यासारखी आहे. कागदावर एक चांदणी काढा, तिच्या आत थोडं अंतर सोडून तशीच दुसरी. समोर आरसा उभा करा. हात आणि कागद थेट दिसू नयेत म्हणून वर पुठ्ठ्याचा आडोसा धरा, आणि फक्त आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवा. पहिल्या कोपऱ्यावरच फजिती होते. पेन्सिल पुढे न्यायची असते आणि ती मागे येते, वळण घ्यायला जावं तर रेघेबाहेर पळते. चांदणीचं पार कोळ्याचं जाळं होतं. दहा-बारा वेळा केलं की मात्र हात बसतो.

मिलनर यांनी हेन्रीकडून हे तीन दिवस करून घेतलं, रोज दहा वेळा. चुका दिवसागणिक कमी होत गेल्या. दुसऱ्या दिवशी सुरुवात पहिल्या दिवशीसारखी चाचपडत झाली नाही, आदल्या दिवशी हात जिथवर आला होता जवळपास तिथूनच झाली. तिसऱ्या दिवशी तो सफाईने चांदणी काढत होता. आणि हे आपण आयुष्यात प्रथमच करतोय, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं, याचं त्याला नवलच वाटलं.

आठवणं आणि हात बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोळ्या लाटणाऱ्या किंवा तबला शिकणाऱ्या कुणालाही मराठी आधीपासून सांगत आलेली आहे. पण त्या मेंदूतही वेगळ्या ठिकाणी राहतात, एक उखडली तरी दुसरी उभी राहू शकते, हे हेन्रीमुळे दिसलं. मन हा मेंदूच्या घरातला एकटा भाडेकरू असता, तर घराची एक खोली पाडल्यावर त्याला अडचण झाली असती, पण तो अख्खा राहिला असता. इथे खोलीबरोबर मनाचाच एक पदर गेला, आणि बाकीचे पदर जागच्या जागी राहिले.

अर्थात गेलेला पदरही पूर्ण गेला नव्हता. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी हेन्रीचं कुटुंब नव्या घरात राहायला गेलं. रोज त्याच खोल्यांतून वावरून वावरून त्या घराचा नकाशा हेन्रीला कागदावर काढता येऊ लागला. हे त्याला कसं जमलं, यावर संशोधक बरीच वर्षं डोकं लावत होते.

आता हार्डवेअर-सॉफ्टवेअरकडे. संगणकावर कितीही पत्रं टाइप केली तरी त्याची चिप वाढत नाही. लंडनच्या टॅक्सीवाल्यांचं तसं नाही. तिथे परवान्यासाठी शहराच्या मध्यभागातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात, त्यात तीन-चार वर्षं जातात. एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २००० साली या चालकांच्या मेंदूचे स्कॅन तपासले, तेव्हा हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. ज्यांचा हिप्पोकॅम्पस मुळातच मोठा, तेच या धंद्यात येत असतील, अशी शंका कुणीही घेईल. म्हणून पुढे उमेदवारांना शिकण्याआधी आणि शिकून झाल्यावर असं दोनदा तपासलं गेलं. परीक्षा पास झालेल्यांत वाढ दिसली, नापासांत दिसली नाही. म्हणजे पाठांतर, चिकाटी, रस्ते चुकून पुन्हा फिरणं, ही ज्याला आपण मनाची कामं म्हणतो ती मेंदूच्या मांसात उमटतात. ज्या अवयवाविना हेन्रीचा एकेक दिवस पुसला जायचा, तोच इथे रस्ते पाठ करून वाढतो.

पेशींच्या या उद्योगातून ‘मन खातं’ तेव्हाची ती खंत, ती टोचणी नेमकी कशी उभी राहते, याचं उत्तर या दोन्ही उदाहरणांत नाही, आणि पहिल्या वर्षाच्या पुस्तकातही नाही. ते तसं वर्गात सांगून टाकावं. तयार उपमेपेक्षा बरं.

हेन्री २००८ च्या डिसेंबरमध्ये वारला, ८२ वर्षांचा होऊन. पुढच्या वर्षी सॅन दिएगोत त्याच्या गोठवलेल्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करण्यात आले, तेही इंटरनेटवर थेट दाखवून. त्याच्यावर सर्वांत जास्त काळ काम केलं ते सुझान कॉर्किन यांनी. त्या त्याला १९६२ पासून भेटत होत्या, जवळजवळ अर्धं शतक. त्या कोण, हे त्याला कधीच सांगता आलं नाही. पण चेहरा ओळखीचा वाटायचा. शाळेत आपल्याबरोबर असावी, असं तो म्हणायचा.